नदी एक, घाण दोघांची: झोमार-अलेक्झांडर नदीचे प्रकरण, टाकळीच्या काठावरून

सोलापूरहून विजयपूरकडे जाणारा रस्ता टाकळीजवळ भीमा ओलांडतो. पुलाच्या अलीकडे महाराष्ट्र आहे आणि पलीकडे धूळखेड, म्हणजे कर्नाटक. उजनी धरणातून नदीपात्रात सोडलेले पाणी खालच्या बंधाऱ्यांत अडवायचे आणि टाकळीच्या उपसा केंद्रातून शहरासाठी उचलायचे, ही सोलापूरची जुनी व्यवस्था आहे. थेट उजनीहून येणारी जलवाहिनी नंतरची. गेल्या उन्हाळ्यात आमच्या छोट्या अभ्यासगटातले आम्ही चौघे पाण्याचे नमुने घ्यायला या पुलाखाली उतरलो, तेव्हा काठावर एक वयस्क शेतकरी आपल्या मोटारीच्या जाळीत अडकलेले शेवाळ बोटांनी खरवडून काढत बसले होते. पाणी हिरवट होते, काठाला पिवळसर फेस साचला होता आणि बाटली पाण्यात बुडवताच तळचा काळा गाळ वर आला.

"काका, हा वास कधीपासून?" आमच्यातल्या एकाने विचारले.

"वास काय नवा नाही, सर. गळीत सुरू झालं की वाढतो. पलीकडचे म्हणतात तुमच्याकडनं येतंय, आम्ही म्हणतो पुण्याकडनं येतंय."

त्यांच्या या उत्तरामुळेच हे प्रकरण लिहायला घेतले आहे. वरचा, मधला आणि खालचा अशा तीन शेजाऱ्यांपैकी प्रत्येकाकडे बोट दाखवायला कोणीतरी वरचा असतो आणि स्वतःच्या खाली कोण आहे, हे मात्र सहसा कोणाला आठवत नाही. आपसांत नुसते मतभेद नव्हे तर उघड संघर्ष असलेल्या शेजाऱ्यांनी सामायिक नदीच्या घाणीचे काय केले, याचे सर्वांत तपशीलवार अभ्यासलेले उदाहरण आपल्यापासून फार दूर, भूमध्य समुद्राच्या काठावर आहे. इस्राएलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी प्रदेशात, म्हणजे वेस्ट बँकेत, उगम पावून इस्राएलमधून समुद्राला मिळणारी ती नदी वरच्या भागात झोमार आणि खालच्या भागात अलेक्झांडर या नावाने ओळखली जाते. भीमेच्या दोन्ही काठांवरचा सीमावाद आणि तिथला ताबा, युद्ध व निर्वासितांचा प्रश्न यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. ती करणे दोन्हीकडच्या लोकांवर अन्याय ठरेल. परंतु सांडपाण्याचा उतार, त्याच्या शुद्धीकरणाचा खर्च आणि शुद्ध झालेल्या पाण्याची मालकी हे तीन प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत.

नाब्लुस हे वेस्ट बँकेतले मोठे शहर दोन डोंगरांमधल्या खिंडीत, नेमके जलविभाजकावर वसलेले आहे. शहराच्या पूर्वेकडच्या भागाचे पाणी फारा ओढ्यातून जॉर्डन नदीच्या खोऱ्याकडे जाते आणि पश्चिमेकडच्या भागाचे पाणी झोमारमधून समुद्राकडे. झोमार डोंगर उतरून तुलकरेम शहराजवळ येते, तिथे वेस्ट बँक आणि इस्राएल यांच्यामधली १९४९ ची युद्धबंदी रेषा म्हणजे 'ग्रीन लाइन' ओलांडते, एमेक हेफर नावाच्या सपाट शेतीप्रदेशात अलेक्झांडर नदी होते आणि नेतान्या शहराच्या उत्तरेला समुद्राला मिळते. नाब्लुस ते समुद्र हे सरळ रेषेतले अंतर जेमतेम चाळीस-बेचाळीस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्याकडे सोलापूर ते अक्कलकोट जावे तेवढेच. आणि तेवढ्यात दोन प्रशासने, २००२ नंतर उभे राहिलेले विभाजक कुंपण आणि एक लष्करी नियंत्रणाचा पट्टा येतो. अशा हंगामी ओढ्याला अरबीत 'वादी' म्हणतात. मराठीत वादी म्हणजे फिर्याद करणारा. या ओढ्याच्या दोन्ही काठांवर फिर्यादीच बसलेले असल्यामुळे हा शब्दयोग मला दर वेळी खटकतो.

नदीचे मूळ दुखणे असे की उन्हाळ्यात तिला स्वतःचे पाणी नसते. पाऊस हिवाळ्यात पडतो, तेव्हा चार-दोन पूर येऊन जातात, आणि उरलेले वर्षभर पात्रात जे वाहते ते प्रामुख्याने नाब्लुस, तुलकरेम आणि मधल्या गावांचे सांडपाणी. अशा नदीत घाण 'मिसळते' असे म्हणणेसुद्धा चुकीचे ठरते, कारण जिच्यात मिसळावे असा स्वच्छ प्रवाहच तिथे नसतो. त्यात भर अशी की हा सारा डोंगर चुनखडकाचा आहे. आपल्या सोलापूरच्या काळ्या कातळात पाणी भेगांमधून सावकाश मुरते. चुनखडकात विरघळून झालेली पोकळ्यांची जाळी असते आणि वरची घाण फारशी गाळली न जाता खाली पोहोचते. त्या खडकाखाली जो पर्वतीय भूजलसाठा आहे, त्याचेच पाणी दोन्ही बाजू पितात. म्हणून झोमारचे सांडपाणी हे केवळ खालच्यांचे दुखणे नव्हते. तुलकरेमच्या विहिरींनाही त्याचा धोका होता. वरचा घाण करतो आणि खालचा सोसतो एवढ्या साध्या मांडणीत हे प्रकरण बसत नाही, आणि सहकार्याला जागा मिळाली ती इथेच.

घरगुती सांडपाणी हे तुलनेने सोपे प्रकरण. अवघड होते ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात येणारे झिबार. ऑलिव्हची फळे दळून तेल काढले की मागे एक काळपट, आंबूस वासाचे पाणी उरते, त्याला स्थानिक अरबीत झिबार म्हणतात. त्याचा जैविक ऑक्सिजन भार, म्हणजे बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते याचे माप), घरगुती सांडपाण्याच्या शंभर पटींहून अधिक असू शकतो. शिवाय त्यात पॉलिफिनॉल नावाची द्रव्ये असतात, आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातले सगळे काम ज्या जिवाणूंच्या भरवशावर चालते, त्यांनाच ती मारक ठरतात. वर्षातले दहा महिने सुरळीत चालणारे केंद्र या दोन महिन्यांत बसते. घाणे लहान, विखुरलेले आणि बहुधा घरच्याच माणसांनी चालवलेले; हंगाम छोटा; तेल हे तिथल्या शेतकऱ्याचे वर्षाचे नगदी उत्पन्न. अशा घाण्यांवर कडक नियम लावणे म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला आपला जिल्हा. इथे गळीत हंगामही साधारण त्याच दिवसांत सुरू होतो आणि आसवनीच्या मळीमिश्रित पाण्याचा बीओडी लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅमच्या घरात जातो. कायदा काय सांगतो ते सर्वांना ठाऊक असते. ज्या गावात निम्मी घरे उसावर जगतात तिथे रात्री नाल्यात काय सोडले गेले, याची तक्रार कोणी लिहून द्यायची, हा प्रश्न असतो. झोमारच्या काठीही तोच होता, फक्त तिथे तक्रार ऐकणारे कार्यालय कोणत्या सरकारचे, असा आणखी एक प्रश्न त्यावर होता.

याशिवाय दगड कापण्याच्या कारखान्यांतून येणारा पांढरा चिखल नाल्यात उतरतो. शहाबादी फरशीचे कटाई-पॉलिशचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना तो करवतीखालून ओघळणारा, वाळला की सिमेंटसारखा घट्ट होणारा राखाडी लगदा आठवेल. तो विषारी नसला तरी नळ्या, जाळ्या आणि पात्राचा तळ बुजवतो.

आता चौकट. सप्टेंबर १९९५ मध्ये इस्राएल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यात झालेल्या दुसऱ्या ओस्लो कराराच्या कलम ४० मध्ये पाणी आणि सांडपाणी यांचा विचार आहे आणि त्यानुसार दोन्ही बाजूंच्या समान प्रतिनिधींची संयुक्त जल समिती स्थापन झाली. निर्णय एकमताने घ्यायचे होते. कागदावर हे समानतेचे वाटते. पण समितीचे कार्यक्षेत्र वेस्ट बँकेपुरतेच ठेवले होते. ग्रीन लाइनच्या पलीकडे तीच नदी वाहत असली तरी तिथले पाणी समितीच्या विचारकक्षेत नव्हते. शिवाय वेस्ट बँकेच्या ज्या भागावर इस्राएलचे पूर्ण नियंत्रण आहे, तिथून नळी न्यायची असेल तर समितीच्या मंजुरीनंतर लष्कराच्या नागरी प्रशासनाचीही परवानगी लागे. म्हणजे एकमताची अट दोघांना सारखी असली तरी ज्याचे काम अडते तो बहुतेक वेळा एकच होता. वेस्ट बँकेतल्या ज्यू वसाहतींच्या जलप्रकल्पांना पॅलेस्टिनी सदस्यांनी संमती द्यावी, तरच पॅलेस्टिनी प्रकल्प पुढे सरकतील, अशी देवघेव सुरू झाली आणि तशी संमती म्हणजे वसाहतींना मान्यता देणे होते. यावरून २०१० पासून समितीच्या बैठकाच थांबल्या आणि त्या जानेवारी २०१७ मधल्या नव्या समझोत्यापर्यंत थांबलेल्या राहिल्या. सांडपाणी अर्थातच थांबले नाही.

या चौकटीच्या बाहेर, किंवा तिच्या पायथ्याशी म्हणा, एक वेगळी गोष्ट आधीच घडली होती. १९९५ मध्ये एमेक हेफरच्या प्रादेशिक परिषदेने अलेक्झांडर नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. परिषदेचे प्रमुख नहूम इत्झकोविच यांच्या लवकरच ध्यानात आले की आपल्या हद्दीतले गोठे आणि गावांचे सांडपाणी कितीही आवरले तरी वरून येणारा प्रवाह तसाच राहिला तर खर्च वाया जाणार आहे. १९९६ मध्ये त्यांनी आणि तुलकरेमच्या गव्हर्नरांनी नदी स्वच्छ करण्याविषयी आपसांत समझोता केला. जर्मनीने पैशाचा भार उचलला. या समझोत्यात नदी कोणाची, सीमा कुठे, पाण्यावर हक्क किती, याविषयी काहीही नव्हते. एक जिल्हापरिषदेसारखी संस्था आणि दुसऱ्या बाजूचा जिल्हाधिकाऱ्यासारखा अधिकारी, यांनी केवळ घाणीपुरते बोलायचे ठरवले होते आणि त्यामुळे दोघांपैकी कोणालाही आपल्या राजधानीतल्या भूमिकेशी प्रतारणा केल्याचे उत्तर द्यावे लागले नाही. मला या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हा वाटतो: ज्या विषयावर एकमत होणार नव्हते, तो विषय टेबलावर आणलाच गेला नाही.

सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे इस्राएलविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव, सुरू झाला. तुलकरेम हे त्यातले एक पेटलेले शहर होते. नाब्लुसच्या पश्चिमेला जर्मन मदतीने मोठे शुद्धीकरण केंद्र बांधायचे आधीच ठरले होते, ते लांबणीवर पडले. त्या परिस्थितीत एमेक हेफरने ग्रीन लाइनला लागून, याद हाना या किबुत्झजवळ (सामुदायिक मालकीच्या शेतीवस्तीजवळ) आपल्याच हद्दीत एक तातडीचे केंद्र उभारले. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. झोमारचा प्रवाह सीमा ओलांडताच तो पात्रातून वळवून आत घेतला जातो. आधी जाळ्यांवर कचरा आणि वाळू अडवली जाते, मग टाक्यांत गाळ खाली बसवला जातो, आणि तळ्यांमध्ये जिवाणूंकडून उरलेला भार कमी करून घेतला जातो. बाहेर पडणारे पाणी शेतीला जाते. थोडक्यात, इथे एका शहराचे सांडपाणी नळीतून येत नाही, तर आख्खा ओढाच केंद्रात शिरतो. म्हणून पूर आला की केंद्र बाजूला ठेवून पाणी सोडून द्यावे लागते आणि ऑलिव्हचा हंगाम आला की झिबार आत येऊन जिवाणू मारतो. तरीही काम झाले. नदीकाठी झाडी लावली गेली, पायवाटा आणि पूल झाले, आणि मऊ कवचाची जी मोठी नाईल कासवे तिथे पूर्वापार होती, ती पाहायला शनिवारी कुटुंबे येऊ लागली. २००३ मध्ये या प्रकल्पाला ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये दिला जाणारा थीस आंतरराष्ट्रीय नदी पुरस्कार मिळाला. इंतिफादा चालू असताना मिळालेल्या त्या पुरस्काराचे कौतुक जगभर झाले, आणि ते योग्यच होते.

बहुतेक वृत्तान्त कासवांच्या पुलावर संपतात. पण प्रकरण म्हणून पाहायचे तर खरी गुंतागुंत तिथून पुढे, म्हणजे बिलापासून, सुरू होते.

१९९४ च्या पॅरिस आर्थिक करारानुसार पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या, म्हणजे पॅलेस्टिनींच्या मर्यादित स्वशासनाच्या, वतीने आयातीवरचे कर इस्राएल गोळा करतो आणि दर महिन्याला ती रक्कम प्राधिकरणाला देतो. सीमा ओलांडून येणारे सांडपाणी आपल्या हद्दीत शुद्ध करण्याचा खर्च इस्राएल याच रकमेतून कापून घेतो. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व जगमान्य आहे. त्याविरुद्ध बोलणे अवघड आहे. पॅलेस्टिनी बाजूचे म्हणणे असे की बिल किती, ते कोणत्या दराने, केंद्राच्या बांधकामाचा खर्च त्यात किती धरला, याविषयी आम्हाला विचारले जात नाही. शुद्ध झालेले पाणी तुमच्या शेतांना जाते, म्हणजे खर्च आमचा आणि पाणी तुमचे. आणि आमच्या हद्दीत आम्ही स्वतः केंद्र बांधू म्हटले तर परवानगीला वर्षे लागतात. इस्राएली बाजूचे उत्तर असे की परवानगी मिळालेली आणि परदेशी निधी हाती असलेली केंद्रेही वेळेत उभी राहिली नाहीत, तोवर आमच्या विहिरींनी आणि समुद्रकिनाऱ्यांनी किती वाट पाहायची. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण मला त्यातला पहिला मुद्दा अधिक वजनाचा वाटतो, आणि कारण हिशेबाचे आहे. हाच मामला आपल्याकडे आणून पाहावा: पुण्याचे सांडपाणी सोलापूरने उजनीच्या तोंडाशी शुद्ध करायचे, ते पाणी सोलापूरच्या उसाला वापरायचे, आणि सगळा खर्च पुण्याला न विचारता पुण्याच्या अनुदानातून परस्पर वळता करून घ्यायचा. सोलापूरकर म्हणून मला ही कल्पना क्षणभर फार गोड वाटते, हे कबूल केले पाहिजे. पण अशा व्यवस्थेत पुण्याला आपले सांडपाणी उगमाशी शुद्ध करावेसे का वाटेल? पैसे तर जाणारच आहेत, आणि वरती केंद्र बांधले तर त्याचा खर्च पुन्हा वेगळा.

झोमारवर नेमके हेच झाले, असे माझे वाचन आहे. काठावरचे तातडीचे केंद्र खालच्यांसाठी इतके पुरेसे ठरले की वरच्या केंद्रासाठी दोन्ही बाजूंनी लागणारी निकड ओसरली. नदीचा खालचा भाग जगाला दाखवावा असा झाला. वरचा, नाब्लुस ते तुलकरेम, तसाच उघडा नाला राहिला, आणि ज्या गावांतून तो वाहत होता तिथल्या मुलांच्या दृष्टीने पुरस्काराला काहीच अर्थ नव्हता. तात्पुरती म्हणून केलेली सोय कायमची झाली की तिचे अन्याय्य भागही कायमचे होतात.

यातला दुसरा वाद मानकांचा होता. डिसेंबर २००३ मध्ये दोन्ही बाजूंनी सांडपाण्याच्या प्रकल्पांसाठी मान्य केलेल्या मार्गदर्शक टिपणानुसार पहिल्या टप्प्यात लिटरला २० मिलिग्रॅम बीओडी आणि ३० मिलिग्रॅम निलंबित घन (पाण्यात तरंगणारे बारीक कण), आणि पुढे दोन्ही १० वर आणायचे असे ठरले. कागदावर आकड्यांचा फरक लहान दिसतो. प्रत्यक्षात २० वरून १० वर जायचे तर गाळणीचा आणखी एक टप्पा, अधिक वीज आणि अधिक प्रशिक्षित माणसे लागतात. पॅलेस्टिनी अभियंत्यांचे आणि काही देणगीदारांचे म्हणणे होते की ज्या शहराकडे आज काहीच नाही, त्याला आधी साधे केंद्र बांधू द्या. इस्राएलचे म्हणणे होते की खालचा खडक चुनखडीचा आहे, अर्धवट शुद्ध पाणीही भूजलात उतरेल. आपल्याकडेही हा वाद जसाच्या तसा झाला आहे: केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेने महानगरांबाहेरच्या शुद्धीकरण केंद्रांसाठी बीओडीची मर्यादा ३० ठेवली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती १० कडे नेण्याचा आग्रह धरला. कडक मानक चांगले की लवकर चालू होणारे केंद्र चांगले, याचे एकच उत्तर नाही. पण ज्याच्याकडे नकाराधिकार आहे त्याने कडक मानकाचा आग्रह धरला की समोरच्याला त्यात अडवणूक दिसते, मग तो आग्रह शास्त्रदृष्ट्या बरोबर का असेना.

नाब्लुसचे पश्चिम केंद्र अखेर २०१३ मध्ये जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या निधीतून चालू झाले. संकल्पापासून उभारणीपर्यंत दीड दशक गेले. त्याचा परिणाम मात्र लगेच दिसण्यासारखा होता: पश्चिम नाब्लुसचे सांडपाणी आता शहराजवळच शुद्ध होऊ लागले, गाळापासून बायोगॅस मिळू लागला आणि शुद्ध पाण्यावर केंद्राच्या आसपास प्रायोगिक शेती सुरू झाली. पाणी वापरणारा वरचाच शेतकरी झाल्याबरोबर ते स्वच्छ ठेवण्यात त्याचा स्वार्थ आला. जे बिलाने होत नव्हते ते इथे पिकाने काही अंशी साधले. तरीही मधली गावे, तुलकरेमचा परिसर आणि झिबार हे प्रश्न शिल्लक राहिले, आणि ऑक्टोबर २०२३ नंतर तर सगळाच संदर्भ बदलला. करांची रक्कम अडकली, २०२५ च्या सुरुवातीपासून तुलकरेमच्या निर्वासित छावण्यांत लष्करी कारवाया होऊन रस्ते आणि त्यांखालच्या वाहिन्या उखडल्या गेल्या. अशा दिवसांत सांडपाण्यावर संयुक्त बैठक घ्या असे कोणी कोणाला सांगावे?

आमच्या गटात हे प्रकरण वाचले गेले तेव्हा पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती, की आपण म्हणजे एमेक हेफर आणि पुणे-पिंपरी चिंचवड म्हणजे नाब्लुस. ही तुलना अगदीच चुकीची नाही. इंद्रायणी, मुळा-मुठा यांतून येणारे सगळे उजनीच्या सुमारे ११७ टीएमसीच्या यशवंतसागरात साठते. त्यात मृत साठाच निम्म्याहून अधिक, म्हणून उन्हाळ्यात उरते ते बरेचसे जुने, जड पाणी, आणि त्यावर जलपर्णी. घरी चार-पाच दिवसांनी नळाला येणारे पाणी स्टीलच्या पातेल्यात घेऊन उजेडात धरले की कोणत्याही अहवालाची गरज उरत नाही. सांडपाण्याची मालकी हा प्रश्न तर आपल्याकडे थेट राजकारणात येऊन गेला आहे. २०२१ मध्ये उजनीतून ५ टीएमसी पाणी इंदापूरच्या गावांसाठी उचलण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याचे समर्थन असे होते की पुण्याकडून तेवढे सांडपाणी उजनीत जादा येतेच. सोलापूर जिल्हा पेटून उठला आणि निर्णय मागे घेतला गेला. त्या आंदोलनात आम्हीही होतो. आज मागे वळून पाहताना एक गोष्ट जाणवते: आम्ही त्या पाच टीएमसींचे परिमाण मोजले, त्यांचा बीओडी कोणीच विचारला नाही.

पण आमच्यातल्या एका बाईंनी नकाशा उलटा धरला आणि विचारले, "आपल्या खाली कोण आहे?" सोलापूर शहराच्या बऱ्याचशा सांडपाण्याचा उतार देगावच्या बाजूने सीनेकडे आहे. सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते, जिथल्या संगमेश्वर मंदिरातल्या शके ९४० च्या शिलालेखात मराठीची एक अगदी जुनी ओळ कोरलेली आहे. आणि तिथे भीमेचा दुसरा काठ कर्नाटकाचा आहे. म्हणजे ज्या संगमावर आपण आपल्या भाषेचे प्राचीनत्व पाहुण्यांना दाखवतो, तिथेच आपले सांडपाणी शेजारच्या राज्याच्या काठाला लागते. भीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या इंडी आणि अफजलपूरच्या माणसासाठी नाब्लुस आपण आहोत. खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

कर्नाटकाशी आपला व्यवहार कोणत्या पातळीवर आहे, हे इथे लक्षात घ्यावे लागते. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा भाग कर्नाटकाला सुचवला, त्याची धग अजून विझलेली नाही. २०२२ मध्ये ती पुन्हा वर आली आणि दोन्हीकडच्या एसट्या बंद राहिल्या. पाण्याच्या बाबतीत कृष्णा खोऱ्याचे पाणीवाटप ठरवणाऱ्या बच्छावत लवादाने भीमेच्या मुख्य प्रवाहातून महाराष्ट्राने वर्षाला ९५ टीएमसींपेक्षा अधिक वापरू नये अशी मर्यादा घातली, आणि दोन्ही राज्यांचे पाटबंधारे अधिकारी आकड्यांच्या भाषेत एकमेकांना ओळखतात. ती भाषा परिमाणाची आहे. ते पाणी कोणत्या गुणवत्तेचे असावे याविषयी त्यांच्यात बोलणे होत नाही. ओस्लोच्या कलम ४० ने निदान सांडपाणी हा शब्द करारात घेतला होता. गंमत अशी की सोय आपल्या कायद्यात आधीपासून आहे: १९७४ च्या जल प्रदूषण नियंत्रण कायद्याचे कलम १३ लगतच्या राज्यांना आपसांत करार करून संयुक्त मंडळ स्थापण्याची मुभा देते. त्यासाठी सीमाप्रश्नाच्या दाव्याला हात लावावा लागत नाही, लवादाचा निवाडा उघडावा लागत नाही.

गटात दोन मते पडली. काहींना वाटते की आधी संयुक्त मंडळच मागावे. माझे मत १९९६ च्या समझोत्याकडे झुकते: दोन्ही काठांच्या तालुका पातळीवरच्या लोकांनी एकाच दिवशी, एकाच पुलावरून, एकाच पद्धतीने नमुने घ्यावेत, दोन प्रयोगशाळांत तपासावेत आणि आकडे दोन्ही भाषांत लावावेत, बिलाचे बोलणे त्यानंतर. बिल आधी आले की नदी मागे पडते, हे झोमारवर दिसले आहे. आणि शुद्ध झालेले पाणी कोणाच्या शेताला जाणार, हे मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे.

पुलाखालून वर येताना त्या काकांनी आमच्या बाटल्या पाहिल्या आणि विचारले की पलीकडच्या काठाचे पाणी घेतले का. आम्ही घेतले नव्हते. घरी येऊन केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०१८ ची प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. देशातले ३५१ पट्टे, त्यांपैकी महाराष्ट्रातले ५३. महाराष्ट्राच्या यादीत भीमा आहे: पुणे ते टाकळी. कर्नाटकाच्या यादीतही आहे: गाणगापूर ते यादगीर. टाकळीच्या पुलापासून गाणगापूरपर्यंतची भीमा, जिथे एक काठ आपला आणि एक त्यांचा आहे, जिथे सीना येऊन मिळते, ती दोन्ही याद्यांत नाही.